लांडगा, कीबोर्ड आणि चर्च : एका ख्रिस्ती फरी मुलाचं प्रकरण

हे प्रकरण पिट्सबर्गजवळच्या एका चर्चमधलं आहे. मुलगा 20 वर्षांचा, आईवडील नगरकडचे मराठी ख्रिस्ती, तो स्वतः अमेरिकेतच जन्मलेला आणि वाढलेला. मी त्या चर्चमध्ये तरुण मुलामुलींसोबत काम करते, आणि घरोबा जुना असल्यामुळे तो मला मावशी म्हणतो. ओळख पटेल असे तपशील बदललेत, त्याची आणि घरच्यांची परवानगी घेऊनच लिहितेय. लिहावंसं वाटलं कारण हा प्रश्न घरात आला की पहिल्या आठवड्यात जे बोललं जातं ते निस्तरायला पुढे महिनेच्या महिने जातात, आणि ते मी जवळून बघितलंय.

फरी म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माणसासारखे बोलणारे, दोन पायांवर चालणारे, कपडे घालणारे प्राणी, अशा पात्रांचं ज्यांना मनापासून वेड असतं ते लोक. चित्रं काढतात, गोष्टी लिहितात, बहुतेक जण स्वतःसाठी एक प्राणी-पात्र तयार करतात त्याला फरसोना म्हणतात, आणि थोडे लोक त्या पात्राचा पोशाख शिवून घेतात तो फरसूट. बाहेरच्यांना नेमका तो सूटच दिसतो पण सूटवाले फॅन्डममध्ये, म्हणजे या वेड्यांच्या जगात, कमीच, कारण पूर्ण सूटला काही हजार डॉलर सहज जातात. हे सगळं 1980 च्या दशकात सायन्स फिक्शन आणि कॉमिक्सच्या संमेलनांच्या कडेकडेनं वाढलं, 1989 मध्ये कॅलिफोर्नियात कॉन्फुरेन्स हे पहिलं स्वतंत्र संमेलन झालं. पिट्सबर्गला तर यात नवीन काहीच नाही, 2006 पासून, कोविडची 2020 आणि 2021 ही वर्षं सोडून, दर उन्हाळ्यात तिथल्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये अँथ्रोकॉन हे फरी संमेलन भरतं, 2024 ला 17 हजारांच्या वर लोक होते, डाउनटाउनमधली दुकानं स्वागताच्या पाट्या लावतात, आणि परेड बघायला गावातले लोक पोरंबाळं घेऊन जातात. आमच्या चर्चमधल्या कितीतरी कुटुंबांनी ती परेड रस्त्याच्या कडेला उभं राहून बघितलीय, मुलांचे फोटो काढलेत. अडचण आली ती आपल्यातलाच मुलगा त्यात निघाल्यावर.

मुलगा कसा आहे ते सांगते. बोलायला अडखळणारा, शाळेत फारसे मित्र नसलेला, पण चर्चच्या उपासनेत कीबोर्ड वाजवायला बसला की वेगळाच. संडे स्कूल कधी चुकवलं नाही, बाप्तिस्मा 15 व्या वर्षी स्वतः मागून घेतला, कुणी मागे लागलं नव्हतं. वहीत प्राणी काढायची सवय लहानपणापासूनची, आणि 13-14 वर्षांचा असताना त्यानं एक लांडगा काढायला घेतला, करडा, एक कान मुडपलेला, गळ्यात निळा रुमाल. तोच लांडगा मग वर्षानुवर्षं. ती चित्रं ऑनलाइन टाकायला लागला तिथे त्याला आयुष्यातले पहिले मित्र भेटले, चित्रावर बोलताना अडखळावं लागत नाही असं तो म्हणतो. पार्ट टाइम कामाचे पैसे साठवून त्यानं 1800 डॉलरला पार्शल करून घेतलं, म्हणजे फक्त डोकं, पंजे आणि शेपूट. घरी कुणाला पत्ता नव्हता. आईला ते बेसमेंटमध्ये थंडीच्या कपड्यांच्या पेटीत सापडलं.

ते डोकं मी नंतर हातात घेऊन नीट बघितलं. बाहेरून दाट खोटी फर, तोंडाच्या पुढच्या भागावर इतकी बारीक कातरलेली की मखमलीसारखी लागते, आतून सगळा स्पंज, गरम गोंदानं चिकटवलेला, हनुवटीजवळ घामाचे डाग. डोळ्यांच्या जागी बारीक जाळी, बाहेरून बुबुळ रंगवलेलं आणि आतून बघायला जेमतेम जागा, खाली पायरी आहे का हेसुद्धा दिसत नाही, म्हणून सूट घातलेल्याबरोबर एक साध्या कपड्यातला माणूस लागतो त्याला हॅन्डलर म्हणतात. त्यात 20-25 मिनिटं झाली की जीव घुसमटतो, म्हणून संमेलनात एक बंद खोली ठेवतात, पंखे आणि पाणी, तिथेच डोकं काढायचं, कारण बाहेर लहान मुलांसमोर काढलं तर पात्र मोडतं. हे मी मुद्दाम लिहितेय. ज्या वस्तूला एल्डरांच्या, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या, बैठकीत सैतानी म्हटलं गेलं ती वस्तू बैठकीतल्या कुणीही बघितलेली नव्हती.

आता त्या पहिल्या आठवड्याबद्दल. वडील हादरले, आणि त्यांना जे पहिलं सुचलं ते लाजेचं होतं. "मंडळीत काय तोंड दाखवू? नगरला आईला काय सांगू, नातू शेपूट लावून फिरतो म्हणून?" ते एका एल्डरशी विश्वासानं बोलले, आणि रविवारपर्यंत ते सगळ्यांना माहीत होतं. पालकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर ते शाळेत फरी मुलांसाठी मांजराच्या शौचाची पेटी ठेवतात वालं प्रकरण परत फिरायला लागलं. ही अफवा आहे. मिशिगनमधल्या मिडलँडच्या स्कूल बोर्डाच्या बैठकीत डिसेंबर 2021 मध्ये कुणीतरी ते बोललं, महिन्याभरात तिथल्या सुपरिंटेंडेंटनी जाहीरपणे सांगितलं की असं काही कधीच नव्हतं, तरी ते देशभर फिरलं, इतकं की 2025 मध्ये टेक्सासच्या विधानसभेत शाळांमधलं फरी वागणं बंद करायचं बिल आलं. आमच्या ग्रुपवर मी ते खोटं असल्याचं लिहिलं, दोन जणांनी अंगठा दिला, बाकी शांत. आणि मुलाला कळवण्यात आलं की सध्या कीबोर्डवर बसू नकोस. किती दिवस, कशासाठी, काय केलं की परत बसता येईल, काहीही नाही. तो पुढच्या रविवारपासून यायचाच बंद झाला.

त्याच्यावर जी वचनं फेकली गेली त्यातलं मुख्य बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातलं, लोकांनी अविनाशी देवाचं गौरव सोडून पक्षी, चार पायांचे प्राणी आणि सरपटणारे जीव यांच्या प्रतिमा धरल्या ते. दुसरं उत्पत्ती 1, आपण देवाच्या प्रतिरूपात घडवलेलो, मग जनावराचं रूप कशाला. आणि लांडगा म्हणून अर्थातच मत्तय 7, मेंढरांच्या वेषातले लांडगे. वचनं खरी आहेत, ती मी हलकी करणार नाही. पण रोमकरांसमधली गोष्ट उपासनेची आहे, देवाच्या जागी दुसरं काही बसवण्याची, आणि या मुलानं लांडग्याला कधी हात जोडले नाहीत. त्याला कुणी हे विचारलंही नाही, की तुझ्यासाठी तो लांडगा आहे तरी काय?

पास्टरनी शेवटी मला आणि असिस्टंट पास्टरला त्याच्याशी बोलायला सांगितलं. चर्चमध्ये यायला तो तयार नव्हता म्हणून एका डायनरमध्ये भेटलो, पॅनकेक मागवले, पहिली भेट तर हवापाण्यातच गेली. दुसऱ्या भेटीत मी सरळ विचारलं, तू स्वतःला लांडगा समजतोस का रे?

"नाही गं मावशी. मी माणूसच आहे. तो मी बनवलेला आहे. मला जसं असावंसं वाटतं तसा आहे तो, कुणाला घाबरत नाही, लोकांना मिठी मारतो."

फरी लोकांचा वर्षानुवर्षं अभ्यास करणारा फरसायन्स नावाचा संशोधकांचा गट आहे, त्यांचं म्हणणंही हेच की बहुतेक फरी स्वतःला शंभर टक्के माणूसच मानतात, फरसोना हे पात्र असतं. आपण प्राणीच आहोत असं आतून वाटणारे लोक वेगळे, त्यांना थेरियन म्हणतात, दोन्हीत थोडी सरमिसळ आहे पण एक नव्हेत. त्याच संशोधनात हेही आहे की फॅन्डममध्ये नास्तिक आणि अज्ञेयवादी लोकांचा वाटा मोठा, ख्रिस्ती कमी. म्हणजे हा मुलगा चर्चमध्ये फरी म्हणून एकटा आणि फरींमध्ये ख्रिस्ती म्हणून बऱ्यापैकी एकटा, तिकडेही त्याला टोमणे बसतात, तुझ्या धर्माला आम्ही नकोत तरी तू तिकडे कसा म्हणून. तरी त्यानं संमेलनात रविवारी सकाळी हॉटेलच्या खोलीत जमणारा एक छोटा गट शोधला होता, पलंगावर, जमिनीवर बसून प्रार्थना, एक गिटार, कुणाच्या गळ्यात क्रूस आणि कमरेला शेपूट. चर्चनं कीबोर्ड काढून घेतल्यावरच्या त्या सगळ्या महिन्यांत त्याची एकमेव सामूहिक उपासना तीच होती.

या प्रकरणातला खरा गाभा नंतरच्या एका भेटीत बाहेर आला. असिस्टंट पास्टरनी न चिडता, आवाज न चढवता विचारलं की यात तुला स्वतःला काही खटकतं का, आम्हाला सोड, तुला? बराच वेळ गप्प राहून त्यानं सांगितलं की 16-17 वर्षांचा असताना तो अडल्ट आर्टकडे वळला होता, म्हणजे त्याच प्राण्यांची लैंगिक चित्रं, ती फॅन्डममध्ये भरपूर आहेत आणि एका क्लिकवर आहेत, आणि अजून अधूनमधून तो तिकडे जातो, आणि ते पाप आहे असं त्याला स्वतःलाच वाटतं, चार वर्षं तो देवाकडे त्याची क्षमा मागतोय. मग कुणाला सांगितलं का नाहीस? तर म्हणाला, "सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता सगळंच टाक. चित्रं, मित्र, सगळं. मग मी कशाला सांगू?"

या एका वाक्यासाठी मी हे सगळं लिहितेय. ज्या मुलाला स्वतःहून पापकबुली द्यायची होती, मदत मागायची होती, तो चार वर्षं गप्प बसला कारण त्याला पक्कं माहीत होतं की आम्ही चांगल्या-वाईटाचा एकच गठ्ठा बांधून सगळा पेटवून देऊ. फर आणि शेपूट बघून आम्ही इतके दचकलो की जिथे त्याला खरंच पाळकाची गरज होती तिथपर्यंत पोचलोच नाही. आणि तरुण मुलांमधल्या पॉर्नच्या सवयीबद्दल तर चर्चला उत्तम बोलता येतं, त्याचे गट आहेत, पुरुषांच्या सकाळच्या बैठका आहेत, त्यात साधी चित्रं काढणारे, फुटबॉल बघणारे सगळे बसतात. कुणी त्यांना फुटबॉल सोडायला सांगत नाही.

तिथून पुढे आम्ही गठ्ठा सोडवला. एकेक गोष्ट वेगळी घेतली, तिची तिची वचनं, तिचा तिचा निर्णय. अडल्ट आर्टवर काही वाद नव्हताच. त्यानं जुनं अकाउंट बंद केलं, नव्यावर तसला मजकूर दिसणार नाही असं सेटिंग, फोनवर फिल्टर, आणि असिस्टंट पास्टरना दर आठवड्याला फोन, घसरला तर तेही सांगायचं. घसरला, आणि सांगितलंही. पैशाचं त्यानं स्वतःच काढलं, की त्या वर्षी पार्शलपायी दशांश, म्हणजे कमाईचा दहावा भाग चर्चला, दिला नव्हता, आता आधी तो बाजूला आणि मग संमेलनाचं हॉटेल. चित्र, पोशाख, पात्र यांसाठी आम्ही करिंथकरांस पहिल्या पत्राचा 8 वा अध्याय आणि रोमकरांसचा 14 वा घेतला, मूर्तीला दाखवलेल्या नैवेद्याचं मांस खावं की नाही तो वाद. ही पत्रं लिहिणारा पौल तिथे दोन्हीकडच्यांना धरतो, खाणाऱ्यानं न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्यानं खाणाऱ्याला दोषी ठरवू नये, आणि प्रत्येकाची स्वतःच्या मनात खात्री असावी. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांना तर हे समजायला जड जाऊ नये. कवी नारायण वामन टिळकांनी हिंदू भक्तीतल्या अभंग-भजनाचा बाज येशूभक्तीला दिला, आज आम्ही ती भजनं टाळ घेऊन गातो आणि आमच्या चर्चमधल्या गोऱ्या मंडळींना कौतुकानं ऐकवतो.

पास्टरांचा आक्षेप मात्र वजनदार होता आणि मी तो इथे प्रामाणिकपणे मांडते. ते म्हणाले दानीएल 4 बघा, नबुखद्नेस्सर राजा जनावरासारखा गवत खात फिरला तो शिक्षा म्हणून, माणसानं जनावर होणं हे शास्त्रात कुठेच वरचं पद नाही. बरोबर आहे. उद्या हा मुलगा म्हणाला असता की माझं माणूसपण नको, मला लांडगाच व्हायचंय, तर मी पास्टरांच्या बाजूनं बसले असते. मुलाला तो अध्याय मी वाचायला दिला, त्यानं वाचून स्वतःच एक गोष्ट ठरवली की घाबरल्यावर, कुणी रागावल्यावर लांडग्याच्या मागे जाऊन लपायचं नाही, तिथे स्वतःच्या तोंडानं बोलायचं, अडखळलं तरी. ही अट आमच्यापैकी कुणी घातली नव्हती.

वडिलांबरोबर मी वेगळी बसले, त्यांच्या स्वयंपाकघरात, आणि उत्पत्तीचा 49 वा अध्याय काढला. म्हातारा याकोब मरायला टेकलाय आणि बारा मुलांना जवळ बोलावून एकेकाचं भविष्य सांगतोय, आणि ते सांगताना काय म्हणतो, यहुदा सिंहाचा छावा, इस्साखार दणकट गाढव, दान वाटेवरचा साप, नफताली मोकळी सुटलेली हरिणी, आणि सगळ्यात धाकटा, लाडका बन्यामीन, तो फाडणारा लांडगा. बाप आपल्या पोरांना प्राण्यांच्या रूपात बघतोय आणि त्या अध्यायातच म्हटलंय की हे त्यानं दिलेले आशीर्वाद. त्याच बन्यामीनच्या वंशात पुढे पौल जन्मला. येशूलासुद्धा प्रकटीकरणाच्या पाचव्या अध्यायात सिंह म्हटलंय आणि पुढच्याच ओळीत तो कोकरू म्हणून उभा आहे, चार शुभवर्तमानांच्या लेखकांची जुनी चिन्हं माणूस, सिंह, बैल आणि गरुड, पूर्वेकडच्या चर्चेसमध्ये संत क्रिस्तोफर कुत्र्याच्या तोंडाचा रंगवलेला जुन्या चित्रांत सापडतो. यातून फरसूट घालावा असं काही सिद्ध होत नाही, तसं मी म्हणालेही नाही. एवढंच म्हणाले की प्राण्याच्या रूपातून माणसाबद्दल बोलणं आपल्या धर्माला परकं नाहीये दादा, पोरगा काही बाहेरून आणत नाहीये. त्यांनी अध्याय परत वाचला, मग म्हणाले, "लांडगाच का पण? कोकरू नाही का काढता आलं?" त्यांची बायको ओट्यापाशी उभी होती ती म्हणाली, अहो त्याला एकदा विचारा तरी. विचारलं त्यांनी, आठवड्याभरानं. मुलानं यशया 11 दाखवला, लांडगा कोकरासोबत राहील तो. त्यानं लांडगा 13 व्या वर्षी त्या अध्यायावरच्या संडे स्कूलच्या पोस्टरसाठी पहिल्यांदा काढला होता, हे आम्हा कुणालाच माहीत नव्हतं.

यानं सगळं सुटलं असं नाही. वडिलांना ते अजून आवडत नाही, फक्त घरात त्यावरून आरडाओरडा थांबलाय. कीबोर्ड परत मिळाला, त्याला जवळपास वर्ष गेलं, एक कुटुंब त्यावरून चर्च सोडून गेलं. फरसूट चर्चमध्ये आणायचा नाही असं ठरलं ते मुलानं लगेच मान्य केलं. मजा म्हणजे नंतर पास्टरच उत्साहात म्हणाले की उन्हाळ्याच्या बायबल स्कूलमध्ये यशयाच्या गोष्टीसाठी लांडगा बनून ये, आणि हा नाही म्हणाला. "मला चर्चच्या कामाचा आहे म्हणून चालतो, असं नको." मला ते फार पटलं. मुलांची छंदवेडं आपण सुवार्तेसाठी वापरता येतील तेवढ्यापुरतीच स्वीकारतो, आणि पोरांना ते बरोबर कळतं.

मित्रांचा प्रश्न राहिला, आणि खरं सांगायचं तर एल्डरांच्या मनात पहिल्या दिवसापासून तोच होता, शेपटीचं निमित्त. फॅन्डममध्ये समलिंगी, ट्रान्स आणि तत्सम मुलंमुली बहुसंख्येनं आहेत, फरसायन्सचे आकडेही तेच सांगतात. आमचं चर्च त्या बाबतीत पारंपरिक आहे, आणि मुलालाही त्यावरची सगळी उत्तरं सापडलेली नाहीत. पण तो एवढं ठाम सांगतो की माझ्याशी कुणी बोलत नव्हतं तेव्हा हे बोलले, यांना सोडून या असं येशूनं कुणाला सांगितल्याचं मला सापडत नाही. त्यातल्या एका मित्रानं, जो अनेक वर्षांत कुठल्याच चर्चमध्ये गेलेला नाही, आता विचारलंय की तू कीबोर्ड वाजवतोस ते ऐकायला एखाद्या रविवारी आलो तर चालेल का. मुलानं ते पास्टरना विचारलं, पास्टरनी एल्डरांपुढे ठेवलं. चर्चचं दार उघडायला बैठक कशाला लागते हे मला कळत नाही आणि तसं मी पास्टरना लिहून कळवलंय, त्या मित्रालाही मुलाकडून निरोप दिलाय की माझ्या बाकावर जागा आहे, उपासना 10 ला सुरू होते, नंतर आमच्या घरी जेवायला ये. एल्डरांची बैठक पुढच्या मंगळवारी आहे.